कोर्लईच्या माडांखाली तीन दिवस

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या वस्त्यांतून शिबिरांच्या पावत्या फाटू लागतात. आम्हीही गेली बारा वर्षे त्या फाडत आहोत. दिवसा कचेरीत कारकुनी करावी आणि संध्याकाळी विहारात बसून तांदूळ किती, डाळ किती, चीवराला कापड किती मीटर, याचा हिशेब मांडावा, असा आमचा एप्रिल महिना जातो. बी.कॉम. झालो ते यासाठीच, असे घरचे लोक थट्टेने म्हणतात. पैशाचा हिशेब कधी चुकला नाही. पण गेल्या वर्षी दुसराच हिशेब पुढ्यात आला. मे महिन्यात शिबिराला बेचाळीस मुले होती. ऑगस्टमधल्या एका रविवारी विहारात वंदनेला आलेली मुले मोजली, ती पाच भरली. त्यातली दोन आमच्याच घरची!

मधल्या सुट्टीत डबा खाताना हे बोललो, तर पलीकडच्या टेबलावरच्या बाई हसल्या. या बाई ख्रिस्ती. माहेर मुरूड तालुक्यातील कोर्लई. "भाऊ, आमच्याकडे पण हेच रडगाणं आहे," त्या म्हणाल्या. "यंदा मे महिन्यात गावाजवळच्या वाडीत पोरांचं शिबीर आहे. फादरना मी विचारते. बघून तर जा."

कमिटीत विषय काढला तेव्हा थोडी कुजबुज झाली. पाद्र्यांच्या शिबिराला जायचे, म्हणजे लोक काय म्हणतील? ख्रिस्ती लोक दूध पावडर देऊन बाटवतात, हे वाक्य लहानपणापासून सर्वांनी ऐकलेले. पण वाचकहो, हेच वाक्य थोडे बदलून आपल्याही बाबतीत बोलले गेले आहे. ज्यांनी स्वतः धर्म बदलला त्यांनी दुसऱ्याच्या श्रद्धेकडे संशयाने पाहण्यापूर्वी निदान एकदा जाऊन यावे, असे आमचे मत पडले. शेवटी तिघे निघालो. बेस्टमधून निवृत्त झालेले काका, महिला मंडळाच्या ताई आणि हे लिहिणारा कारकून.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. मासळीचा वास, कोंबड्यांच्या टोपल्या, माहेरी निघालेल्या कोळणी, अशी ती गर्दी. लाँच बंदर सोडून मोकळ्या पाण्यात आली तेव्हा काकांना 'पद्मावती' आठवली. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि दोनशेवर सत्याग्रही त्या बोटीने मुंबईहून निघाले, ते याच किनाऱ्याकडेने दक्षिणेला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावच्या बंदरात उतरून पायी महाडला पोहोचले. महाडलाही ते लोक मांडवातच राहिले होते. "तेही शिबीरच की," काका म्हणाले. पुढे मात्र बोट हलू लागली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

रेवसहून अलिबाग, आणि अलिबागहून मुरूडची एस.टी. नागाव, चौल, रेवदंडा हा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांचे गडगे, विहिरी. पण नीट पाहिले तर अनेक वाड्यांत उजेड जास्त दिसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे ज्यांनी लगेच पुन्हा लावली त्यांच्याही हाती इतकी वर्षे काही आले नाही. रेवदंड्यात एस.टी. जुन्या किल्ल्याच्या तटातूनच आत शिरते. पुढे कुंडलिकेवरचा साळावचा पूल आणि मग समुद्रात जीभ काढल्यासारखा कोर्लईचा डोंगर.

इथला इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकाच्या आरंभी चौलला आले. १५९४ साली त्यांनी कोर्लईचा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला आणि १७४० साली मराठ्यांपुढे त्यांना हा सगळा मुलूख सोडावा लागला. त्यांच्या राजवटीत ख्रिस्ती झालेले लोक कोण? अभ्यासक सांगतात की बहुतेक खालच्या समजल्या गेलेल्या जातींतले, शेतावर राबणारे, गुलाम, आणि काही शिपायांची संतती. साहेब, सरदार, धनवान ख्रिस्ती १७४० नंतर गोव्याकडे निघून गेले. राबणारे मागे राहिले. ज्या राज्याच्या नावाने त्यांचा धर्म बदलला ते राज्यच नाहीसे झाले. आजूबाजूचा समाज त्यांना जवळ करीना, सोयरीक तर दूरच. ही माणसे जुन्या धर्मात परतली असती तर कुणाला नवल वाटले नसते. पण ती राहिली. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही कोर्लईत हजाराच्या आसपास ख्रिस्ती माणसे आहेत आणि घरात ती एक वेगळीच भाषा बोलतात. शब्द पोर्तुगीज, वाक्याची चाल बरीचशी मराठी. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

पोर्तुगीज सत्तेचे आम्हाला कौतुक नाही, हेही सांगून ठेवतो. गोव्यात त्यांनी १५६० साली धर्मन्यायालय बसवले आणि माणसांचे हाल केले. धर्म बदलूनही तिथे ब्राह्मण ख्रिस्ती आणि चार्डो ख्रिस्ती असे भेद राहिलेच. जात पाण्यात विरघळत नाही, मग ते पाणी बाप्तिस्म्याचे का असेना! पण १७४० नंतर कोर्लईत जे टिकले त्यामागे सत्ता नव्हती. मग काय होते? हा प्रश्न आम्ही तीन दिवस मनात घोळवत होतो.

शिबीर गावापासून थोडे बाजूला, एका माडाच्या वाडीत होते. तेरा ते अठरा वयाची साठेक मुले-मुली. काही जवळपासच्या गावांतली, काही मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतली, आठ-दहा नगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. मुलगे ताडपत्रीच्या तंबूत, मुली वाडीतल्या कौलारू घरात. एक फादर, दोन सिस्टर आणि कॉलेजात शिकणारे चार-पाच कार्यकर्ते. आम्ही "जयभीम" केला, त्यांनी "जय ख्रिस्त" म्हटले आणि लगेच आमच्या हातात कांदे चिरायला दिले. पाहुण्यांसाठी वेगळे ताट नव्हते. हे आवडले.

पहाटे साडेपाचला घंटा. विहिरीचे पाणी ओढून अंघोळी, मग समुद्राकडे तोंड करून प्रार्थना. त्यानंतर अर्धा तास प्रत्येकाने एकेकट्याने बसून बायबलातला एक उतारा वाचायचा आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. न्याहारीला घावणे नाहीतर पोहे. मग श्रमदान. किनाऱ्यावर भरतीने आणून टाकलेले प्लास्टिक दोन दिवसांत अकरा पोती निघाले. मुंबईच्या मुलांनी त्यातली पाकिटे ओळखून दाखवली, ही आपल्या गल्लीतली म्हणून. दुपारी आमटी-भात, बांगडा असेल तर बांगडा, आणि सोलकढी. मे महिन्यातला तो दमट उकाडा, अंगाला शर्ट चिकटलेला, तरी वाडीतल्या सावलीत पोरे मेल्यासारखी झोपायची.

तिसऱ्या प्रहरी ओहोटीच्या ओल्या वाळूत मुलांनी बोटभर खोल अक्षरे कोरून एक वचन लिहिले आणि ती शिंपल्यांनी भरली. भरती आली आणि वचन गेले. फादरनी सांगितले की या प्रकाराला दीडशे वर्षे झाली. इंग्लंडात जोसाया स्पायर्स नावाच्या गृहस्थाने १८६७ साली मुलांसाठी खास सभा सुरू केल्या. पुढच्या वर्षी वेल्समधील लँडडनो गावाच्या किनाऱ्यावर त्याने वाळूत 'देव प्रेम आहे' अशी अक्षरे काढली आणि खेळणाऱ्या मुलांना ती शिंपले व समुद्रशेवाळाने सजवायला सांगितली. त्यातूनच पुढे स्क्रिप्चर युनियन ही संस्था वाढली. अमेरिकेत १८८५ साली वाय.एम.सी.ए.च्या समनर डडली यांनी सात-आठ मुलांना रानात तळ्याकाठी तंबूत नेले आणि तिथून उन्हाळी शिबिरांची चाल वाढली. आपल्याकडेही मावळात निळशीला मुंबईच्या वाय.एम.सी.ए.चे शिबिराचे ठिकाण आहे. शहरातल्या गिरणी-कारखान्यांच्या धुरातून पोरांना बाहेर काढावे, रानात न्यावे, काम करायला लावावे आणि त्यातच धर्म शिकवावा, हा त्या लोकांचा विचार. आम्ही वहीत टिपून घेतले. आपण मात्र शिबीर म्हटले की सिमेंटच्या सभागृहात पंखे लावून मुलांना सहा-सहा तास प्रवचन ऐकवतो. बुद्धाने कोणता उपदेश पंख्याखाली केला होता?

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोने सगळे फणसाड अभयारण्याकडे गेले. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ पासून अभयारण्य. मे महिन्यात खालचा पाचोळा कुरकुरीत वाळलेला, पण वर झाडी इतकी दाट की ऊन ठिपक्यांनी पडते. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. एका गाणीजवळ थांबलो तेव्हा वरच्या फांदीवर शेकरू दिसले. तांबूस, झुपकेदार शेपटीचे, आपल्या राज्याचा प्राणी. पाठ्यपुस्तकात पाहिलेले जनावर समोर पाहून साठ मुलांनी एकदम श्वास रोखला.

तिथे प्रत्येक मुलाला एकेक झाड दिले आणि सांगितले की आता एक तास कुणाशी बोलायचे नाही. येशू चाळीस दिवस अरण्यात एकटे राहिले होते, त्याची ही आठवण. आम्हा तिघांनाही एकेक झाड मिळाले. आपल्या सिद्धार्थानेही घर सोडून रान गाठलेच होते, रोहिणीच्या पाण्याचा तंटा पाठीवर घेऊन. पहिली वीस मिनिटे आम्हाला कचेरीतली थकलेली बिले आठवली. नंतर पाखरांचे आवाज वेगवेगळे कळू लागले. परतताना ताई म्हणाल्या, "याला आपण आनापान म्हणतो. हे लोक म्हणतात देवाशी बोलणं. बसायचं मात्र दोघांनाही जमत नाही, बघा." आणि त्यांनी टेम्पोत मोबाईलसाठी चुळबुळणाऱ्या पोरांकडे बोट केले. फोन पहिल्याच दिवशी एका पत्र्याच्या पेटीत बंद केले होते.

त्या रात्री शेकोटी पेटली. गिटार, ढोलकी, भजने. मग एका कार्यकर्त्याने येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट सांगितली. होडी हेलकावते आहे, शिष्य घाबरले आहेत, आणि येशू उठून वाऱ्याला दटावतो. गोष्ट छान रंगली. तेवढ्यात जवळच्याच एका गावची, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उठून उभी राहिली. "फादर, मग निसर्ग वादळाच्या दिवशी तो कुठे होता? आमच्या वाडीतल्या सगळ्या पोफळी गेल्या. आजोबा दाराशी बसून राहिले. नंतर वर्षभरात ते पण गेले."

कुणी काही बोलेना. काकांच्या ओठांवर कार्यकारणभाव आला होता, पण ताईंनी त्यांची बाही ओढली. फादर बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बाळ, मला ठाऊक नाही. मी तुला खोटं उत्तर देणार नाही." मग त्यांनी तिला विचारले की त्या रात्री घरात कोण कोण होते, छपराचे काय झाले. मुलगी सांगत गेली. पत्रे उडाल्यावर सगळे शेजारच्या कोळ्याच्या घरात कसे दाटीने बसले, दिवे किती दिवस नव्हते, आजोबा पडलेल्या झाडांवर हात फिरवत कसे फिरायचे. तिला अर्धा तास बोलू दिले. आमच्या शिबिरात एखाद्या मुलाने असा आडवा प्रश्न विचारला असता तर आम्ही त्याला बावीस प्रतिज्ञांमधली एखादी पाठ म्हणायला लावली असती, हे आम्ही कबूल करतो.

नंतर फादर आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे याला काय सांगतात?" काकांनी किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले मूल छातीशी धरून औषध मागत फिरणारी आई, आणि ज्या घरात कुणी मेले नाही तिथून मूठभर मोहरी आणायला सांगणारे तथागत. काका आयुष्यभर कंडक्टर होते, त्यांना गर्दीला ऐकवायची सवय. पोरे गप्प ऐकत होती. "पण मग तुम्ही प्रार्थना कोणाला करता?" एका मुलाने विचारले. ताई म्हणाल्या, "आम्ही मागत नाही. वंदना म्हणजे आठवण ठेवायची आणि कसं वागायचं ते आपल्याच तोंडानं कबूल करायचं." मुलाला ते पटले असे नाही. आम्हालाही सृष्टीकर्ता देव पटत नाही. त्यावरून कुणाची झोप मोडली नाही.

शेवटच्या रात्रीचा प्रकार मात्र आमच्या मनाला लागला नाही. दिवे मालवून, हळू सुरात गाणे लावून, मुलांना आपापली पापे आठवायला सांगितली. पोरे रडू लागली. एक रडले की दहा रडतात. घरापासून दूर, दमलेल्या, कोवळ्या मुलांना अंधारात रडवणे सोपे आहे आणि त्या रडण्यावर कुणीही आपला झेंडा रोवू शकतो. फादरना आम्ही तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "मलाही कधी कधी तसंच वाटतं, पण मुलांना ते आवडतं." आमच्या शिबिरातही शेवटच्या दिवशी चीवर उतरवताना मुले रडतात आणि त्याचे फोटो आम्हीच छापायला देतो. असो.

नगरकडचा एक मुलगा पहिल्या दिवसापासून आमच्या आसपास घुटमळत होता. भांडी घासताना हळूच म्हणाला, "काका, जयभीम." त्याच्या आजोबांचे थोरले भाऊ १९५६ नंतर बौद्ध झाले, आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले, ते ख्रिस्ती राहिले. एकच घराणे, एकाच वाड्यात मधे भिंत. चौदा एप्रिलला दोन्हीकडे गोड होते, नाताळलाही होते. फरक पडतो तो शाळेच्या दाखल्यावर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्त्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण भिंतीपलीकडच्या चुलत भावाला मिळते ती शिष्यवृत्ती त्याला नाही. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. १९९० पूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनीही सवलतीसाठी दाखल्यावर 'हिंदू महार' लिहू दिले आणि घरी येऊन मान खाली घातली, हे आपण इतक्या लवकर कसे विसरलो? "फॉर्म भरताना काय लिहू?" असे तो मुलगा विचारत होता. त्याला खोटे लिहायचे नव्हते. आम्ही वीस वर्षे दुसऱ्यांचे फॉर्म भरून देत आहोत. या फॉर्मला आमच्याकडे उत्तर नव्हते. पत्ता मात्र घेऊन ठेवला आहे.

निघायच्या दिवशी बाईंच्या आत्याकडे जेवायला बोलावले होते. कोर्लई गावात कोळी आणि मुसलमान वस्तीही आहे, आणि कार्मेल मातेचे चर्च आहे. आत्या ऐंशीच्या घरातल्या. आमच्याशी अलिबागकडच्या मराठीत बोलत आणि नातवाला मध्येच 'नो लिंग'मध्ये दटावत. लहानपणी त्यांना चर्चमधले एक अक्षर कळत नसे. साठाच्या दशकापर्यंत इथले पाद्री पोर्तुगीज बोलणारे, त्यानंतर चर्चमध्ये मराठी आली. "मग धर्म शिकलात कुठे?" काकांनी विचारले. आत्यांना प्रश्नच समजेना. "कुठं म्हणजे? घरात. दिवेलागणीला आई माळ घेऊन बसायची. आम्ही पोरं पेंगायचो, चिमटे काढायचो. ती म्हणतच राहायची. आजारी असली तर बाप म्हणायचा. एक दिवस चुकला नाही." आणि शिबिरात त्या कधी गेल्या होत्या का? आत्या खो-खो हसल्या. त्यांच्या वेळी शिबीर नव्हतेच.

फादर आम्हाला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आले. ऑगस्टमध्ये यातली किती मुले येतात, हे आम्ही त्यांना विचारलेच. "इथली येतात," ते म्हणाले. "१६ जुलैला कार्मेल मातेचा सण असतो, पाऊस कितीही असो, घरचे घेऊन येतात. मुंबईच्या मुलांचं मात्र विचारू नका." एवढे बोलून तेही हसले.

रेवसला ओहोटी होती, लाँच अर्धा तास थांबली. आत्यांनी दिलेली सुपारीची पुडी काका दाढेखाली फोडत होते. ताईंनी सहज विचारले, "आपल्या तिघांच्या घरी संध्याकाळी रोज त्रिसरण-पंचशील कोण घेतं?" काका समुद्राकडे पाहू लागले. आमच्या घरी साडेसात वाजता कोणती मालिका चालू असते, ते आम्हाला पाठ आहे.

आमचे शिबीर मेच्या शेवटच्या आठवड्यात होते. उरलेल्या पावत्या फाडताना यंदा रकमेखाली एक ओळ जादा लिहून घेतली: शिबिरानंतर घरी वंदना कोण घेणार, त्याचे नाव. एकतीस पालकांपैकी बारा जणांनी नाव लिहिले. बाकीचे म्हणाले, घरी विचारून सांगतो. पहिल्या पावतीवर आमच्या सौ.ने आमचे नाव घातले आहे, आम्हाला न विचारता.